सापळा क्रमांक तीन

२८ डिसेंबर

उणे अकरा. वारा ईशान्येचा, बेताचा.

बायकोची, म्हणजे सोल्वेगची, वही बदकांची आहे. तीस वर्षांत तिने त्यात बदकांशिवाय दुसरं काही लिहिलेलं नाही, आणि मीही लिहायचं नाही अशी इस्पितळातून ताकीद आली आहे. म्हणून ही वेगळी वही काढली. जहाजावर चौतीस वर्षं इंजिनाची नोंदवही ठेवली, तेव्हा हाताला सवय आहे.

तर नोंद अशी: बायको गोठ्याच्या पायरीवरून घसरली त्याला सोळा दिवस झाले. खुब्याचं हाड मोडलं. अक्युरेरीच्या इस्पितळात नेऊन आत धातूची पट्टी आणि सहा स्क्रू बसवले. स्क्रू कोणत्या मापाचे ते विचारलं, तर डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं.

आज फोनवर तिचा पहिला प्रश्न: "ठसे दिसले का?"

"कुणाचे?"

"कुणाचे काय विचारतोस? मिंकचे!"

म्हटलं, नाही.

दिसले आहेत. ओढ्याच्या मुखापासून दगडी बांधापर्यंत, जोडीजोडीने, शिवणीचे टाके घालावेत तसे.

मे महिन्यात आयडर बदकं समुद्रातून चालत वर येतात आणि आमच्या भूशिरावर घरटी करतात. अडीचशेच्या वर. छातीची मऊ पिसं काढून अंड्यांखाली अंथरतात, आणि ती पिसं सोल्वेग गोळा करते. अंड्यांवर बसलेलं बदक जागचं हलत नाही. मिंकला, म्हणजे मुंगसासारख्या त्या पोहणाऱ्या शिकारी प्राण्याला, ते ताटात वाढून ठेवल्यासारखंच. एक मिंक आठवड्यात पन्नास मारतो आणि खातो त्यातली दोन. उरलेली उठून जातात ती त्या किनाऱ्याला परत फिरकत नाहीत.

"बदकं गेली तर मी तरी तिथं काय करायला येऊ?" सोल्वेग म्हणाली. "दाग्रूनकडे लिफ्ट आहे."

दाग्रून आमची मुलगी, रेक्याविकला असते. तिने आईसाठी खोली रंगवून ठेवली आहे. पिवळी.

थोडक्यात, मे महिन्याच्या आत एक मिंक पकडायचा आहे. यात अवघड असं काही नाही.

३० डिसेंबर

उणे नऊ. पलीकडच्या शेतावरची हाल्बेरा आली. ती आमच्या भागाची सरकारमान्य मिंकशिकारी आहे. बंदूक आणि तिन्ना नावाची कुत्री घेऊन फिरते आणि मारलेल्या प्रत्येक मिंकची शेपूट कापून पुरावा म्हणून कचेरीत जमा करते.

"अरे, ओढ्यापाशी ठसे आहेत. तिन्नाला सोडू का?"

"नको. मी सापळे करतोय."

"सोल्वेगच्या पेट्या आहेत की माळ्यावर."

"बघितल्या. दार सुतळीवर टांगलंय आणि खटका म्हणून माशाचं हाड. असल्या पेटीत उंदीर धरावेत."

"त्याच पेट्यांत सत्तावीस मिंक धरलेत तिने."

"नशीब," मी म्हणालो.

तिने स्वयंपाकघरातल्या मोरीकडे एक नजर टाकली. "जेवलास का?"

"हो."

"काय जेवलास?"

हा प्रश्न मला गैरवाजवी वाटला.

४ जानेवारी

उणे चौदा. सापळा क्रमांक एक तयार. किनाऱ्याला वाहून आलेल्या लाकडाची लांबट पेटी, एका टोकाला वरून पडणारं दार, तळाशी हलती फळी. मिंक मांसाच्या वासाने आत शिरतो, फळीवर पाय देतो, दार पडतं. ओढ्याच्या काठी दगडांत बसवला. आमिष हेरिंग माशाचं डोकं.

६ जानेवारी

दार चौकटीला गोठून बसलं आहे. हातोडीनेही हलेना. खोबणीत मीठ भरलं. मीठ असलं की पाणी गोठत नाही, हे शास्त्र आहे.

७ जानेवारी

हाल्बेराच्या घोड्यांनी सापळा क्रमांक एक चाटून चाटून उलटा केला. दार एका घोड्याने सोबत नेलं.

१२ जानेवारी

उणे सतरा. सापळा क्रमांक दोन: जमिनीत पुरलेली बादली, अर्धी पाण्याने भरलेली, वर फिरती फळी. मिंक आत पडतो, वर येता येत नाही. सकाळी बादलीत बादलीच्या आकाराचा बर्फ होता. त्यावर मिंकने विष्ठा करून ठेवली होती. जागा चुकलेली नाही, एवढं यातून सिद्ध होतं.

सोल्वेगला फोनवर काही सांगितलं नाही. ती आज भिंतीला धरून चार पावलं चालली. तिथे जेवणाला रोज मासा देतात आणि तो कसा शिजवायचा नसतो ते रोज शिकायला मिळतं, म्हणाली.

२० जानेवारी

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. बरं वाटत नव्हतं असं म्हणता येणार नाही. पलंगावर पडून होतो इतकंच. काल हाल्बेरा न विचारता आत आली, पडदे उघडले, रश्श्याचं पातेलं चुलीवर ठेवलं आणि म्हणाली, "सापळ्यांचं काय झालं?"

म्हटलं, गोठतात.

"मग नवीन कर. हात पडले का तुझे?"

क्रमांक एकला नवीन दार बसवलं, बाहेरून कडीसकट, पेटी उचलून नेताना लावायला. खोबणीत मिठाऐवजी मेंढीची चरबी.

२३ जानेवारी

पहिला मिंक!

उणे बारा. सकाळी दहाला पाहिलं तर सापळा क्रमांक एकचं दार पडलेलं, आणि आत मिंक. मोठा नर. मेलेला आणि दगडासारखा कडक, एका बाजूला वाकलेला. थंडीनेच गेला असणार. तीन गोष्टी नोंदवून ठेवतो.

एक, दाराची बाहेरची कडी लागलेली होती. मिंकने आत शिरताना दार इतक्या जोराने ओढून घेतलं असावं की कडी आपोआप बसली. टापटिपीचा प्राणी आहे.

दोन, हेरिंगचं डोकं जसंच्या तसं होतं. त्याला भूक नव्हती, कुतूहल होतं.

तीन, त्याला शेपूट नव्हती. कोल्ह्याने तोडली असेल.

हाल्बेरा योगायोगाने तिथूनच चालली होती. "वा रे पठ्ठ्या!" म्हणाली. तिन्नाने मात्र पेटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कुत्री म्हातारी होत चालली आहे.

सोल्वेगला सांगितलं. ती म्हणाली, "तू? खरंच?" तिच्या आवाजातला हा सूर लग्नानंतर प्रथमच ऐकला.

२५ जानेवारी

आज सूर्य डोंगरावर आला, दोन महिन्यांनी, अकरा मिनिटं. रिवाजाप्रमाणे कॉफी आणि पातळ धिरडी व्हायला हवीत. ती सोल्वेग करते. मी तव्यावर एक टाकलं, ते तव्याचंच झालं. हाल्बेरा ताट झाकून घेऊन आली. खिडकीत बसून दोघांनी खाल्ली. अकरापैकी चार मिनिटं ढग होते.

२७ जानेवारी

एक मिंक धरला म्हणून थांबण्यात अर्थ नाही. ओढ्यापाशी पुन्हा ठसे आहेत, आणि ते थोडे बारीक आहेत. दुसरा आहे.

सापळा क्रमांक तीन हा माझ्या सगळ्या अनुभवाचा अर्क म्हणावा लागेल. लाकडी पेटी, आत कोरडं गवत, आणि दार गोठू नये म्हणून चौकटीभोवती तापणारी तार. तार सोल्वेगच्या विजेच्या कांबळ्यातून काढली. सध्या ती ते वापरत नाही. वीज बोटीच्या जुन्या बॅटरीतून. दर तीन दिवसांनी बॅटरी घसरगाडीवरून घरी आणायची, भरायची, परत न्यायची.

फळीचा खटका आधी अंदाजाने बसवायचो. आता अंदाजाची गरज उरली नाही. पहिला मिंक वजन करून ठेवला होता: एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम, शेपटीविना. खटका एक किलो दोनशेवर बसवला आहे. बटाट्यांनी तीनदा तपासला. एक किलो शंभरला पडत नाही, दोनशेला पडतो. उंदरांनी वगैरे उगाच पाडायला नको.

३ फेब्रुवारी

उणे सोळा. क्रमांक तीनमधलं आमिष गेलं. दार पडलेलं नाही. कावळा असणार.

६ फेब्रुवारी

आमिष पुन्हा गेलं. पेटीचं तोंड जेमतेम मुठीएवढं आहे, पण आमचे कावळे हुशार आहेत.

१० फेब्रुवारी

दोन हेरिंग ठेवले होते, दोन्ही गेले. गवत मधोमध दबलेलं होतं, वाटीसारखं. कावळा बसून खातो. तार उत्तम चालते, आत हात घातला तर ऊब लागते. बर्फात गुडघे टेकून थोडा वेळ हात तसाच ठेवला. हातमोजा ओला होता, म्हणून.

१५ फेब्रुवारी

दुसरा मिंक! पुन्हा सापळा क्रमांक एकमध्ये. पुन्हा नर, पुन्हा कडक, पुन्हा कडी लागलेली. आणि पुन्हा शेपूट नाही.

आता हा योगायोग म्हणता येत नाही. दोन्ही नर, दोघेही बिनशेपटीचे: एकाच घराण्यातले असणार. या किनाऱ्यावर बिनशेपटीच्या मिंकांची वेगळी जात तयार होते आहे, असं माझं मत झालं आहे.

कोणतं आमिष लागू पडलं ते पाहायला त्याला उघडला. खांद्यात शिशाचे पाच छर्रे सापडले. कुणी तरी मारलेलं, छर्रे भरलेलं बदक त्याने खाल्लं असणार. पोटातून छर्रे खांद्यात कसे गेले हे मात्र पाहायला हवं.

प्राणिशास्त्राच्या संस्थेला सविस्तर पत्र लिहिलं. आकृत्या जोडल्या.

१६ फेब्रुवारी

हाल्बेराला माझं मत समजावून सांगितलं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "पत्र टाकलंस?"

"कालच."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि नाक शिंकरायला बाहेर गेली. तिला सर्दी झाली आहे.

जाताना म्हणाली की फेब्रुवारी लागल्यापासून भूशिरावर तिला एकही ठसा दिसलेला नाही. मलाही नाही. वारा फार आहे, बर्फ उडतो.

२ मार्च

सोल्वेग काठीने जिना चढली. दाग्रून तिला भेटायला गेली होती, पिवळ्या खोलीचे फोटो घेऊन. सोल्वेग म्हणाली, "खिडकीतून वाहनतळ दिसतो." मी म्हणालो, आपल्या खिडकीतून काही महिने काहीच दिसत नाही. हे का बोललो माहीत नाही.

रात्रीचं जेवण: सुका मासा आणि लोणी. ताट घेतलं होतं.

९ मार्च

संस्थेचं उत्तर आलं. चार ओळी. माझ्या शेजारपाजारी कुणी मिंकशिकारी राहतो का, असं विचारलं आहे. याचा विषयाशी काय संबंध, ते कळलं नाही. पुन्हा लिहितो.

१२ मार्च

तिसरा. क्रमांक एक. बिनशेपटीचा. याला कापून बघितलं नाही. आता खात्री आहे.

दीड महिना झाला, ठसे नाहीत. भूशिर साफ झालं असं जाहीर करायला हरकत नाही. क्रमांक एक आणि दोन उचलून गोठ्यात ठेवले. क्रमांक तीन जमिनीला गोठला आहे, तो हवा बदलली की काढीन. कावळ्याची सवय मोडू नये म्हणून आमिष ठेवतो.

रात्री सोल्वेगला आकडा सांगितला. तीन. माझा आवाज थोडा मोठा झाला असेल.

ती म्हणाली, "घराला अजून वास आहे का?"

"कसला?"

"मिंकचा. पेटीत सापडला की चवताळून घाण सोडतो ना? पहिला धरला तेव्हा पंधरा दिवस पडदे धूत होते मी. तू बोटीवर होतास."

"या तिघांना वास नव्हता," मी म्हणालो. "गोठलेले होते."

"तिघंही?"

"हो."

"शेपट्या आहेत का त्यांना?"

मी बिनशेपटीच्या जातीविषयी बोलायला लागलो. अर्ध्यात थांबलो. इस्पितळात कुणीतरी भांड्यांची गाडी ढकलत होतं, तेवढं ऐकू येत होतं.

"एविन्दूर," ती म्हणाली, "मिंक अजून तिथंच आहे रे."

१३ मार्च

हाल्बेराकडे गेलो. ती घोड्यांना गवत घालत होती. मी दारातच उभा राहिलो.

"कुठे मारलेस ते तिघं?"

तिने काटा भिंतीला टेकवला. "दोन खाड्यांच्या पलीकडे. एक कोंबड्यांच्या खुराड्यात."

"माझी चेष्टा केलीस."

"चेष्टा? जानेवारीत आठ दिवस तुझ्या स्वयंपाकघरात दिवा लागला नव्हता. आत आले तर तू कोट घालून पलंगावर, तोंड भिंतीकडे. सोल्वेगचं नाव काढलं, हललास नाहीस. जेवणाचं काढलं, हललास नाहीस. सापळ्याचं काढलं तेव्हा उठून बसलास. मग मी काय करायला हवं होतं, सांग!"

"शेपट्या तरी ठेवायच्या होत्यास," म्हणालो.

"शेपट्या कचेरीत द्याव्या लागतात. नोकरी आहे ती माझी." मग म्हणाली, "तुला कळेल असं वाटलं होतं. पहिल्या दिवशीच. आणि खरा तो निघून गेला असं वाटलं मला, शपथेवर. ठसेच नव्हते. उद्या तिन्नाला आणते."

"नको."

"अरे, आता तरी हट्ट सोड."

"हट्ट नाही," मी म्हणालो. "तो कुठे आहे ते मला माहीत आहे."

हे बोलेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं की मला माहीत आहे.

त्याच दिवशी, नंतर

क्रमांक तीनसमोर पालथा पडून विजेरीने आत पाहिलं. गवताची वाटी. तिच्यात काळपट केस. कोपऱ्यात हेरिंगचे काटे नीट एका बाजूला सारलेले. मागच्या फळीखालून ओढ्याच्या दगडांमध्ये जाणारी फट. बर्फावर पाय न ठेवता यायचं आणि जायचं.

ठसे बारीक होते. मादी आहे. मादी भरते सहाशे ग्रॅम, आणि मी खटका बसवला होता हाल्बेराच्या नराच्या वजनावर. दीड महिना दर तीन दिवसांनी मी बॅटरी ओढत नेली, ताजा मासा ठेवला आणि तिचं अंथरूण ऊबदार आहे ना, हे हात घालून पाहिलं.

आणि हेही लिहून ठेवतो, कारण ही वही कुणी वाचणार नाही. चौतीस वर्षं इंजिनं उघडणाऱ्या माणसाला बाहेरून लावलेली कडी कळत नाही असं नसतं. मला कळून घ्यायचं नव्हतं. रोज सकाळी उठायला काहीतरी होतं.

१६ मार्च

उणे आठ. सोल्वेगला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं, हसली नाही.

"खटका किती हलका ठेवू?"

"उंदीर शिंकला तरी पडला पाहिजे."

फट दगडाने बुजवली. खटका साखरेच्या एका खड्यावर पडतो आहे. तार चालू ठेवली. ती बंद केली असती तर मिंकला संशय आला असता.

१९ मार्च

दार तीनदा रिकामं पडलं. दोनदा वाऱ्याने, एकदा खरोखरच उंदराने.

२४ मार्च

सापडली.

सकाळी नऊ. वास वीस पावलांवरून आला. गोड, सडका, डोळ्यांत जाणारा. पेटी हलत होती. फळ्यांच्या फटीतून पाहिलं तर लहानशी, काळी, हनुवटीवर पांढरा ठिपका. माझ्याकडे बघून किंचाळली. दीड महिना तिने माझा हात पाहिला असेल, चेहरा आजच पाहिला.

पोट दिसत होतं. एप्रिलच्या शेवटी पाच-सहा पिल्लं झाली असती. त्यांनी मे महिन्यात काय केलं असतं ते मला ठाऊक आहे.

तिला सोडून देण्याचा विचार मनात आला नाही असं खोटं कशाला लिहू? आला. हाल्बेराला बोलवावं असंही वाटलं. मग गोणी आणली आणि स्वतःच केलं. एका घावात.

तारेची वीज काढली. गवत हातात घेतलं तर अजून गरम होतं.

सोल्वेगला फोन केला. "शेपूट आहे," म्हणालो. "वासही आहे."

मग तिने विचारलं, "रडतोयस का?"

"वास फार आहे," मी म्हणालो.

"एविन्दूर."

"हो. रडतोय."

"रड," ती म्हणाली. "मी आहे फोनवर."

इस्पितळाचा फोन सहसा पाच मिनिटांवर कुणाला देत नाहीत. आज कुणी मागायला आलं नाही.

९ मे

अधिक चार. वारा नाही.

सोल्वेगला परवा इस्पितळातून घरी आणलं. गाडी हाल्बेराने चालवली, कारण मी फार हळू चालवतो असं दोघींचं म्हणणं पडलं. दाग्रूनने पिवळ्या खोलीत शिवणाचं यंत्र ठेवलं आहे.

आज पहाटे तिला काठीसकट बांधापर्यंत नेलं. दोन घोंगड्या, एक खुर्ची. सहाच्या सुमारास बदकं पाण्यातून वर यायला लागली. माद्या पुढे, डुलत, थांबत, मान वर करून ऐकत, आणि नर मागे, उगाच रुबाबात. सोल्वेग ओठांतल्या ओठांत मोजत होती. चाळीसच्या पुढे मी मोजणं सोडून तिच्याकडे बघत बसलो.

मी तिला त्या मादीबद्दल सांगितलं. काटे एका बाजूला सारून ठेवायची ते, गवत गरम होतं ते. फोनवर ते सांगितलं नव्हतं.

ती पाण्याकडे बघत राहिली. "म्हणजे तिचा हिवाळा चांगला गेला," म्हणाली. मग घोंगडी नीट करत, "आणि तुझा?"

"वाईट," मी म्हणालो. "फार वाईट गेला, सोल्वेग."

"हळू बोल," ती म्हणाली. "बिथरतील." आणि माझी बाही धरली ती बदकं सगळी वर येईपर्यंत सोडली नाही.